वाचक विचारतात : लाल टोपीचा कॅप्टन आणि बोबोची ज्वारी

मागच्या अंकात बोबो-जुलासोच्या कापसाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो. मी इंदूरच्या एका गिरणीत रुईचा सिलेक्टर होतो. गाठीतून चिमूटभर रुई ओढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू सारखे करायचे आणि लांबी, ताकद, रंग बोटांनी-डोळ्यांनी ओळखायचा, हे माझं काम. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, परदेशीपुऱ्यातल्या कितीतरी घरांत चूल कशी पेटवायची हा प्रश्न उभा राहिला. पुढे मुंबईच्या एका रुईच्या व्यापाऱ्याने मला पश्चिम आफ्रिकेत धाडलं. १९९७ ते २००३ मी बुर्किना फासोत होतो, बोबो-जुलासो या तिथल्या दुसऱ्या मोठ्या शहरात. तेव्हाही सत्तेवर फौजीच होता, फक्त साध्या कपड्यांतला. आजचा वर्दीतला आहे.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलात प्रत्येकाच्या मोबाइलवर बुर्किना फासोच्या कॅप्टन इब्राहिम त्राओरेचे व्हिडिओ आहेत. लाल टोपी, कमरेला पिस्तूल, गोऱ्यांना ठणकावून सांगणारा. मित्र म्हणतात, असा माणूस हवा, निवडणुका-बिवडणुका हव्यात कशाला. काका, तुम्ही तिथे राहिलात. हा खराच एवढा मोठा आहे का? (एक विद्यार्थी, सुदामानगर)

बाळा, आधी व्हिडिओंचं सांगतो. त्यातले पुष्कळ बनावट आहेत. जगप्रसिद्ध गायक त्याची स्तुती गाताना दिसतात, ती गाणी त्यांनी कधी गायलेलीच नाहीत. आवाज आणि चेहरा दोन्ही संगणकाने तयार केलेले. ज्या नव्या घरांच्या रांगा बघून तुझे मित्र हरखतात, त्यातल्या काही तर भलत्याच देशातल्या आहेत.

पण म्हणून त्याचं स्वागतही खोटं होतं असं समजू नकोस. ते खरं होतं, आणि का खरं होतं ते कळल्याशिवाय हा देश कळणार नाही.

उत्तरेला इनाता म्हणून सोन्याची खाण आहे. तिथे लष्करी पोलिसांचं ठाणं होतं. १४ नोव्हेंबर २०२१ ला त्या ठाण्यावर जिहादी टोळ्यांनी हल्ला केला आणि ४९ जवान मारले. लोकांच्या जिव्हारी लागलं ते पुढचं : त्या जवानांना दोन आठवडे शिधा पोचला नव्हता. रानातली जनावरं मारून ते पोट भरत होते, आणि तसं त्यांनी वरिष्ठांना कळवलंही होतं. सरकार निवडून आलेलं होतं, राष्ट्राध्यक्ष काबोरे दोनदा मतांनी जिंकलेले. पण सीमेवरच्या पोराला दोन वेळचं जेवण पाठवता आलं नाही. दहा आठवड्यांत, २४ जानेवारी २०२२ ला, कर्नल दामिबाने सत्ता घेतली आणि लोक रस्त्यावर नाचले.

त्यानेही काही सुधारलं नाही. उत्तरेतल्या जिबो शहराला टोळ्यांनी वेढा घातला होता. बाया झाडपाला शिजवून पोरांना घालत होत्या. तिकडे धान्य घेऊन निघालेला ताफा २६ सप्टेंबरला गास्किंदे गावाजवळ जाळला गेला. चारच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, ३४ वर्षांचा त्राओरे आला. म्हणजे एकाच वर्षात दोन उठाव, आणि दोन्हींच्या मुळाशी न पोचलेलं धान्य.

या देशात १९६६, १९८०, १९८२, १९८३, १९८७ आणि २०२२ मध्ये दोनदा, असे बंदुकीने राज्यबदल झालेत. दर वेळी गणवेशातला कुणी सांगतो की आधीच्याने देश बुडवला. आणि आधीच्याने खरोखर काही ना काही बुडवलेलं असतंच. म्हणून लोकांना पटतं. माझं एवढंच म्हणणं आहे की मागच्याच्या पापाने पुढचा पुण्यवान ठरत नाही. त्याला त्याचा स्वतःचा हिशेब द्यावा लागतो.

त्राओरेच्या जमेच्या बाजूला काय? फ्रेंच फौज २०२३ च्या फेब्रुवारीत परत गेली, आणि ती जावी असं तिथल्या पुष्कळांना मनापासून वाटत होतं. सोन्याच्या काही खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. बोबोत टोमॅटोवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. हंगामात टोमॅटो मातीमोल होताना मी तिथल्या बाजारात पाहिलेत, त्यामुळे या बातमीने मला मनापासून बरं वाटलं. माली आणि नायजरमध्येही फौजीच आहेत; तिघांनी मिळून आपला वेगळा संघ केला आणि जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांची जुनी संघटना सोडली.

आता नावेची बाजू. जुलै २०२४ पर्यंत सत्ता नागरिकांकडे देऊ, असं ठरलं होतं. त्या मेमध्येच मुदत पाच वर्षांनी वाढवली. सुरक्षा देऊ म्हणून जो आला, त्याच्या काळात, २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी, दहशतवादाची झळ मोजणाऱ्या जागतिक यादीत हाच देश पहिला होता. २० लाखांहून अधिक माणसं घर सोडून परागंदा झाली, म्हणजे दर दहांत एक. २४ ऑगस्ट २०२४ ला बार्सालोगो गावच्या लोकांना फौजेने खंदक खणायला नेलं होतं. टोळ्या मोटारसायकलींवरून आल्या आणि त्या खंदकांतच शेकडो जणांना मारून गेल्या.

आणि २५ फेब्रुवारी २०२४ ला नोंदँ आणि सोरो या दोन गावांत २२३ माणसं मारली गेली, त्यातली ५६ मुलं. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संस्थेच्या तपासात ते काम टोळ्यांचं निघालं नाही, देशाच्याच फौजेचं निघालं. ही बातमी दिली म्हणून बीबीसीचं प्रसारण तिथे दोन आठवडे बंद केलं होतं. तुझ्या व्हिडिओंत ही गावं आहेत का, बघ.

तू विचारशील, मग सांकारा? तोही कॅप्टनच, तोही लाल टोपीचा. ३३ व्या वर्षी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, थॉमस सांकाराने सत्ता घेतली. त्याच मार्चमध्ये तो दिल्लीत अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला पंतप्रधान म्हणून येऊन गेला होता. सरकारी मर्सिडीज विकून साध्या रेनॉ-५ मध्ये फिरणारा, मंत्र्यांना हातमागाचं ‘फासो दान फानी’ कापड घालायला लावणारा, काही आठवड्यांत लाखो मुलांना गोवर आणि मेंदूज्वराच्या लसी टोचून घेणारा. बोबोत माझ्या घरमालकिणीने त्याचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. कपाट उघडलं की रोज दिसे. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. तरी हेही सांगतो की संप केला म्हणून त्याने हजाराहून अधिक शिक्षकांना एका फटक्यात घरी बसवलं होतं, आणि त्याला जाब विचारायला कुणी उरलं नव्हतं. १५ ऑक्टोबर १९८७ ला १२ सोबत्यांसह त्याला गोळ्या घातल्या. मित्र कॉम्पाओरे गादीवर बसला आणि २७ वर्षं बसला. खुनाचा निकाल लागायला एप्रिल २०२२ उजाडला. कॉम्पाओरेला जन्मठेप झाली, पण तो शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये सुरक्षित होता.

मी तिथे असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. १३ डिसेंबर १९९८, रविवार. ‘लँदेपाँदाँ’ साप्ताहिकाचा संपादक नॉर्बेर झोंगो, राष्ट्राध्यक्षाच्या भावाच्या ड्रायव्हरचा मृत्यू कसा झाला ते शोधत होता. सापुई गावाजवळ त्याची गाडी जळालेली सापडली, आत चार प्रेतं. आमचा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम भरात होता, दिवसरात्र पाळ्या चालत. सोमवारी सकाळी आमच्या म्हाताऱ्या फिटरने पट्टा थांबवला, हात पुसले आणि ‘आज नाही’ एवढंच म्हणून निघून गेला. त्याच्यामागे अख्खी पाळी गेली. एका वर्तमानपत्रवाल्यासाठी! ज्यांना अक्षरओळख नव्हती असे हमालसुद्धा. त्या खुनाबद्दल आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही.

आता २०२५ चा मार्च घे. पत्रकार संघटनेच्या अध्यक्ष-उपाध्यक्षांनी मुस्कटदाबीविरुद्ध भाषण केलं. दोघांना उचललं आणि काही दिवसांनी ते फौजी गणवेशात, सक्तीच्या भरतीत दिसले. जुलैत सोडले. न्यायाधीशांनाही असंच सीमेवर धाडण्याचे हुकूम निघालेत. ज्या शहराने झोंगोसाठी पट्टे थांबवले होते ते आज गप्प आहे. मला विचारशील तर कॅप्टनच्या खात्यावरची ही सगळ्यात मोठी नावेची नोंद.

प्रश्न : नावाचा उच्चार आणि अर्थ सांगाल का? (रामबाग)

बुर्किना फासो. ‘बुर्किना’ हा मोसी लोकांच्या मोरे भाषेतला शब्द, सचोटीची माणसं. ‘फासो’ जुला भाषेतला, वडिलांचं घर. ताठ मानेच्या माणसांचा देश, असं म्हणा. आधी नाव होतं अप्पर व्होल्टा, नदीवरून फ्रेंचांनी दिलेलं. सांकाराने ४ ऑगस्ट १९८४ ला ते बदललं. तिथल्या माणसाला ‘बुर्किनाबे’ म्हणतात. त्यातला ‘बे’ फुलानी भाषेतून घेतला. तीन जमातींच्या तीन भाषा एका शब्दात बसवल्या, हे त्या माणसाचं मोठेपण.

प्रश्न : माझ्या मुलाला तिथल्या सोन्याच्या खाणीत मेकॅनिकची नोकरी आली आहे. पगार इथल्या चौपट. तो जायचंच म्हणतो, मला झोप नाही. (एक आई, लोकमान्यनगर)

ताई, मी आडपडदा ठेवत नाही. माझा मुलगा असता तर आज मी त्याला जाऊ दिलं नसतं.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये देशाच्या पूर्वेला खाणकामगारांच्या बसगाड्यांवर हल्ला होऊन किमान ३७ जण गेले. पुढे फौजी पहारा होता तरी. तेव्हापासून रस्ते आणखी बिघडलेत. देशाचा मोठा भाग सरकारच्या हातात नाही. मी तिथे होतो तेव्हा बोबोहून राजधानी वागादुगूला रात्रीच्या बसने एकटा जात असे, शेजारी कोंबड्यांची टोपली. तो देश आता राहिला नाही.

तरी तो ऐकणार नसेल तर चार गोष्टी नोकरी देणाऱ्याकडून लेखी घ्या. खाण नेमक्या कुठल्या प्रांतात आहे, ‘बुर्किना फासो’ एवढ्यावर भागवू नका. राजधानीपासून खाणीपर्यंत विमानाने नेणार की रस्त्याने. रस्त्याने म्हणाले तर तिथेच नाही म्हणा. विमा कुणाचा, आणि त्यात युद्ध-दहशतवाद धरलाय का. पुष्कळ विम्यांत तो वगळलेला असतो. चौथं, पासपोर्ट स्वतःच्या खिशात राहील, कंपनीच्या तिजोरीत नाही. पोचल्यावर वागादुगूतल्या आपल्या वकिलातीत नाव नोंदवायचं. आणि चेकनाक्यांचे, फौजेचे फोटो काढायचे नाहीत, एकही नाही. हल्लीच्या पोरांचा हात सारखा मोबाइलवर जातो, म्हणून हे दोनदा बजावून सांगा.

प्रश्न : खरगोनकडे आमचं कापसाचं शेत आहे. तिथे म्हणे बीटी कापूस घेऊन पुन्हा टाकून दिला? (एक शेतकरी)

खरं आहे दादा. माझ्यानंतरची गोष्ट, पण माझ्याच विषयातली. २००८ पासून बीटीचा पेरा झाला. बोंडअळीच्या फवारण्या सहावरून दोनवर आल्या, उत्पन्न वाढलं, शेतकरी खूश. पण जिनिंगमध्ये तंतू आखूड निघायला लागला. बुर्किनाची रुई हाताने वेचलेली, स्वच्छ आणि लांब धाग्याची म्हणून बाजारात चार पैसे जास्त घ्यायची. धागा आखूड झाल्यावर तो मान गेला. देशी वाणाशी संकर पुरेसा पक्का केला नव्हता, असं जाणकारांचं म्हणणं. २०१६ पर्यंत बीटी काढून टाकला. शेतकऱ्याला किलोवर पैसे मिळतात, विकणाऱ्या कंपनीला धाग्यावर, त्यामुळे एकाच पिकात एक खूश आणि दुसरा बुडालेला. तुमच्या मंडईत तंतूची लांबी कोण मोजतं, हे एकदा विचाराच.

प्रश्न : तिथे तुम्ही शाकाहारी माणूस खात काय होता? (एक आजी, राजेंद्रनगर)

आजी, ज्वारी! आपल्या माळव्याचीच वाटावी अशी. भाकरी मात्र नाही. पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांड्याने घोटत घोटत घट्ट करतात, त्याला ‘तो’ म्हणतात. आपल्या उकडीची थोरली बहीण. चार बोटांनी तोडायचा आणि भेंडीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या कालवणात बुडवायचा. आणखी एक कालवण असतं वाळवलेल्या हिरव्या पानांचं, बुळबुळीत. ते झाड घरमालकिणीने दाखवलं तेव्हा मी थक्क झालो. मांडवगडावर आपण ज्याच्या बुंध्याला हात लावून फोटो काढतो, ती गोरखचिंच! तेच झाड. शाळेच्या सहलीपासून मी ते बघतोय, पण त्याच्या पानांची भाजी होते हे कळायला मला समुद्रापार जावं लागलं.

पण माझी खरी चैन दुसरीच होती. एक फुलानी बाई रोज सकाळी डोक्यावर मोठा वाळलेला भोपळा घेऊन यायची, त्यात दही. बाजरीच्या वाफवलेल्या कण्या त्यात कालवायच्या, थोडी साखर, की झालं ‘देगे’. उन्हाळ्यात जीव थंड व्हायचा. ती जिनिंगच्या फाटकात आली की आमचा फिटर, बोबो जमातीचा, ओरडायचा, ‘माझी गुलाम आली! आधी मला वाढ!’ ती उलट म्हणायची, ‘गुलाम तू, तुझा आजा आमच्या गाई राखायचा!’ पहिल्या दिवशी मी घाबरलो, म्हटलं आता मारामारी. दोघं हसत होती. मग कळलं की बोबो आणि फुलानी यांच्यात थट्टेचं नातं असतं, आपल्याकडे दीर-भावजयीत असावं तसं. हवं ते बोला, राग मानायचा नाही. दोन जमातींत पाणी आणि चराईवरून भांडण पेटू नये म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली ही रीत.

टोळ्यांमध्ये फुलानी तरुण बरेच आहेत, म्हणून आज सगळ्या फुलानींकडे संशयाने पाहतात. मार्च २०२५ मध्ये सोलेन्झोकडे, बोबोच्या उत्तरेला, फुलानी बायका-मुलांची प्रेतं आणि भोवती उभे बंदूकधारी, अशी चित्रं बाहेर आली. मी ती अर्धीच पाहू शकलो. मला सारखा तो भोपळा दिसत होता.

प्रश्न : तिथल्या कुणाशी अजून संबंध आहे का? ते लोक काय म्हणतात? (टिळकनगर)

आहे, त्याच फिटरशी. सत्तरी उलटली आहे. त्याचा नातू मोबाइलवर त्याचा आवाज भरून पाठवतो. सुरुवात ठरलेली, ‘इ नी सोगोमा’, म्हणजे शुभ सकाळ. मग घरच्यांची, बायकोची, पावसाची, आंब्यांची विचारपूस. जुला भाषेत विचारपूस घाईने उरकत नाहीत. मी ‘म् बा’ म्हणतो, पुरुषाने द्यायचं उत्तर. बाईने द्यायचं वेगळं असतं. पहिल्या वर्षी मी बायकांचं उत्तर देत होतो, आणि पहिल्यांदा सुधारलं तेही त्यानेच.

१९९८ मध्ये हा माणूस चहाच्या टपरीवर राष्ट्राध्यक्षाचं नाव घेऊन मोठ्याने शिव्या द्यायचा. शेजारी पोलीस बसला असला तरी. मी दंड ओढायचो, तो हात झटकायचा.

गेल्या वर्षी मी त्याला विचारलं, नवा कॅप्टन कसा आहे. उत्तर यायला तीन दिवस लागले. आवाज नव्हता, नातवाने टाइप केलेला मजकूर होता : पाऊस बरा झाला, ज्वारी कमरेइतकी आली, तुझ्या गुडघ्यांना कसं आहे.

मी गुडघ्यांचं सविस्तर लिहिलं. दुसरं काही पुन्हा विचारलं नाही.